क्लाराची भिशी

क्लारा गेल्यावर पाच महिने आग्नेलने एकही बिल उघडलं नव्हतं. येईल ते पाकीट तो फळीवर ठेवी. वीज तोडायला वायरमन दारात आला, तेव्हा कुठे त्याने ती चळत खाली काढली. बायकोच्या प्रार्थनेच्या पुस्तकात त्याला भिशीची यादी सापडली. अकरा बाया, महिन्याला दोन हजार. क्लाराची चिठ्ठी तिसऱ्याच महिन्यात निघाली होती. ते बावीस हजार त्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. पुढचा हप्ता भरायच्या आत ती गेली.

कोणी मागायला आलं नव्हतं.

त्याने तिची स्कूटी विकली. सांडोरहून माणिकपूरच्या बाजारात ती त्याच स्कूटीवर केळी नेई. गिऱ्हाइकाने चावी मागितली, त्याने दिली. काही वाटलं नाही. विजेचं बिल भरलं, पतपेढीचे थकलेले दोन हप्ते भरले, बारा हजार बाजूला ठेवले. वर्षाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेत, फादर क्लाराचं नाव वाचतील, त्याआधी त्या नावावरचं देणं फिटायला हवं होतं. डोक्यात एवढंच होतं.

रविवारी मिस्सा सुटल्यावर तो भिशी सांभाळणाऱ्या आल्बिनाच्या ओट्यावर गेला.

“काय आग्नेलभाऊ, वाट चुकलात?” आल्बिनाने विचारलं. “इथे बायकांची भिशी असते.”

“क्लाराचे आणलेत. पाच महिन्यांचे दहा, आजचे दोन.”



“तिचे भरतो आम्ही,” आल्बिना म्हणाली. “दहाजणी दोनशे-दोनशे वाटून घेतो. गेलेल्या माणसाकडे हप्ता कोण मागतं?”

“डोळा माझा आहे. मी जिवंत आहे.”

“बघा, बोलला!” म्हातारी ॲंजेला म्हणाली. “पाच महिने हाक मारली की नुसती मान हलवायचा. घे गं ते पैसे, नायतर परत मुका होईल.”

आल्बिनाने प्रत्येकीला हजार परत केले. ॲंजेलाने आपले कमरेला खोचले. आजचे दोन हजार डब्यात गेले. आग्नेल उठला.

“बसा की. चिठ्ठी काढायचीय. जिची लागून गेली तिने काढायची. क्लाराची लागलीय, तिच्या जागी आज तुम्ही काढा,” आल्बिना म्हणाली.

“आता ही आल्बिना काढते,” ॲंजेला म्हणाली, “आणि माझी काय लागत नाय!”

तीनच चिठ्ठ्या उरल्या होत्या. आग्नेलने चिठ्ठ्यांच्या डबीत हात घातला, एक उघडली आणि ॲंजेलापुढे धरली.

“चष्मा नाय माझा. वाच.”

“ॲंजेला,” त्याने वाचलं.

ओट्यावर एकच हसू उठलं. ॲंजेलाने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यानेही ओढून घेतला नाही.

घरी येऊन त्याने यादी उघडली. क्लाराच्या नावापुढे भरलेल्या हप्त्यांच्या, तिच्या हातच्या तीन खुणा होत्या. त्याने पुढे सहा केल्या. पुढच्या दोन महिन्यांचे चौकोन रिकामे राहिले. कॅलेंडरवर पुढच्या भिशीच्या रविवारी त्याने गोल केला, आणि रिकाम्या खोलीतला पंखा बंद केला.