तानबाचं उलटं टेबल

निशांतचा फोन आला तेव्हा मी दुकानात वह्यांचे गठ्ठे सोडत होते. निशांत म्हणजे आमच्या वर्धा जिल्हा टेबल सॉकर संघटनेचा सचिव, वय तिशीच्या आतलं. "रक्षाताई, जुन्या खेळाडूंच्या फलकावर तुमचं नाव आहे, रविवारी नक्की या," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण तानबाकाकांचं नाव कमिटीनं वगळलंय. त्यांना तुम्हीच समजावून सांगाल का? मला अवघड वाटतं."

अवघड वाटतं म्हणे! महिनाभरापूर्वी हाच निशांत नालवाडीत तानबाकाकांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, आमंत्रण देऊन आला होता. शहात्तर वर्षांचा सुतार. आयुष्यात कुणी त्याला स्टेजवर बोलावलं नव्हतं. काकांनी नवा शर्ट शिवायला टाकला, गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. आणि आता मी जाऊन म्हणायचं, की काका, शर्ट राहू द्या.

"काऊन वगळलं?" मी विचारलं.

"ताई, त्यांची सगळी टेबलं उलटी होती. फलकावर 'जिल्ह्यातल्या खेळाचे जनक' लिहायचं आणि टेबलच चुकीचं? लोक हसतील."

टेबलं उलटी होती हे खरं. पण ते मला निशांतनं सांगायची गरज नव्हती, तो रांगत होता तेव्हापासून मला माहीत होतं.

एक्क्याण्णव साली गावचं वाचनालय चालवणाऱ्या कृष्णकांत गुरुजींनी कुठल्याशा मासिकातला एक फोटो तानबाकाकांपुढं धरला आणि म्हणाले, असं टेबल आपल्या वाचनालयात पाहिजे. फोटोत एक लाकडी पेटी, तिच्यात आडव्या आठ दांड्या, दांड्यांवर ओवलेले बाहुले. दांडी फिरवायची आणि बाहुल्याच्या पायानं चेंडू समोरच्या गोलात घालायचा. काकांनी सागवानाची पेटी केली, पडद्याच्या लोखंडी नळ्या आणल्या, बाभळीचे बाहुले कोरले, सायकलच्या हँडलच्या मुठी बसवल्या. पंधरा दिवसांत टेबल उभं. फक्त फोटोत एक गोष्ट दिसत नव्हती, ती म्हणजे कुठल्या दांडीची मूठ कुठल्या बाजूला. काकांनी अंदाजानं दांड्या घातल्या आणि सगळ्याच्या सगळ्या उलट्या बाजूनं घातल्या. जगभर गोलकीपर खेळणाऱ्याच्या डाव्या हाताला असतो आणि गोल मारणारे पुढचे तीन बाहुले उजव्या हाताला. आमच्याकडं गोलकीपर उजव्या हाताला आणि मारणारे डाव्या.

आम्हाला काय ठाऊक? आम्ही त्याला दांड्यांचा फुटबॉल म्हणायचो आणि शाळा सुटली की वाचनालयात पळायचो. पुस्तकं कुणी उघडत नव्हतं. ते पाहून अल्लीपूरच्या लोकांनी काकांकडून टेबल करून नेलं, मग रोहण्याच्या. सगळी उलटी! शहाण्णव साली गुरुजींनी पहिली जिल्हा स्पर्धा भरवली. अंतिम सामन्यात माझ्यासमोर रोहण्याचे रूपराव होते, चाळिशीचे, भरघोस मिशांचे. सतरा वर्षांच्या पोरीशी खेळायचं म्हणून ते आधी हसले. पाच-एकनं हरल्यावर मात्र त्यांनीच मला खांद्यावर उचलून वाचनालयाच्या अंगणभर फिरवलं.

दोन वर्षांनी आम्ही नागपूरला खेळायला गेलो आणि तिथं पहिल्यांदा सरळ टेबल पाहिलं. मी पाच-शून्य हरले. माझे दोन्ही हात दुसऱ्याचे असल्यासारखे वागत होते. "वर्ध्यात सूर्यपण पश्चिमेकडून उगवतो का?" कुणीतरी विचारलं आणि सगळा हॉल हसला. परतीच्या बसमध्ये काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "माह्यामुळं हारली तू, पोरी." त्यानंतर त्यांनी पलंग केले, दारं केली, देव्हारे केले. टेबल एकही केलं नाही. वाचनालयानं ते भंगारात काढलं तेव्हा मी उचलून दुकानाच्या मागच्या खोलीत आणलं. आजही दुकान बंद केलं की मी आणि माझी मुलगी आचल तासभर खेळतो. हट्ट म्हणा हवं तर.

काकांना मी काही समजावलं नाही. रविवारी त्यांना नव्या शर्टात स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट हॉलवर नेलं. आधी सांगायला हवं होतं, ही माझी चूक. कारण दारातच निशांतनं मला बाजूला घेतलं, मी आवाज चढवला आणि काकांनी सगळं ऐकलं.

"चाल पोरी, घरी जाऊ," ते म्हणाले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. "बरोबर बोलून राह्यला थो. चूक तं झालीच होती."

"काका, तुमी बसा इथं." मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. पुढं स्पर्धेचं टेबल मांडलेलं आणि भिंतीवर फलक होता, एकेका नावाची पितळी पट्टी दोन-दोन स्क्रूंनी बसवलेली. माझ्या पट्टीवर 'प्रथम जिल्हा विजेती' असं होतं. मी निशांतकडं वळले. "मी कोणत्या टेबलावर जिंकली रे? काकाच्याच ना? मंग माहं नाव चालते आन् काकाचं नाई चालत?"

"ताई, नियमपुस्तक आहे. उलट्या टेबलावरच्या खेळाला खेळ कसं म्हणायचं?"

"तुह्या सरळ टेबलावर तुहा चँपियन उभा कर. मंग दिसन तुले खेळ होता का नव्हता."

निशांत म्हणाला, हे सगळं कमिटी ठरवेल, असं भर कार्यक्रमात काही करता येत नाही. पण यंदाचा विजेता भूपेंद्र तिथंच उभा होता, इंजिनीअरिंगचा पोरगा, मनगटाला पट्टा बांधलेला. तो म्हणाला, "मी खेळतो ना सर. पाच गोलचा एक डाव. काय होते त्यानं?" लोकांनी टाळ्या पिटल्या. निशांत खांदे उडवून बाजूला झाला.

मी मुठी धरल्या आणि नागपूर आठवलं. तीच गत. मारणारे बाहुले उजव्या हाताला, आणि माझा उजवा हात जन्मभर गोल राखलेला, त्याला मारायचं काय कळणार? चेंडू पुढं न्यायची, तिथं हात अडखळायचा, भूपेंद्र चेंडू काढून घ्यायचा आणि टण्णकन गोल. एक. दोन. तीन. मागं कुणीतरी हसलं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुन्हा तेच, आणि तेही काकांना समोर बसवून, असं वाटलं आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"पुढं कायले नेतं वो!" काका ओरडले. उभे राहिले होते ते. "उजवा सोड! तुहा मारायचा हात मांगं हाये. मांगूनच हाण!"

मी खाली पाहिलं. खरंच की. ज्या हातानं मी तीस वर्षं गोल मारले तो डावा हात आता राखणीच्या दांड्यांवर होता. मागच्या दांडीवरून फारसं कुणी गोल मारत नाही, कारण तिथं सगळ्यांचा राखायचा हात असतो. माझा नव्हता. मी चेंडू मागच्या दोन बाहुल्यांकडं घेतला, हळूच बाजूला ओढला आणि मनगट मारलं. चेंडू अख्ख्या टेबलाची लांबी कापून आत गेला. भूपेंद्रनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्याला चेंडू दिसलाच नव्हता.

दुसराही तसाच. तिसऱ्याला त्यानं मधले बाहुले आडवे आणायला सुरुवात केली. पोरगा हुशार होता, एक चेंडू त्यानं अडवला आणि तिथूनच उलट गोल केला. मग मी त्याच्या बाहुल्यांमधल्या दोन्ही फटींमध्ये फसवत मारायला लागले. चार-चार झाले तेव्हा हॉलमधली माणसं खुर्च्या सोडून टेबलाभोवती आली होती. भूपेंद्रनं दोन्ही सरळ फटी बंद केल्या. मी चेंडू बाजूच्या भिंतीवर आपटला. तो तिरका परतला आणि त्याच्या गोलकीपरच्या पायाजवळून आत शिरला.

काय आरडाओरडा झाला! काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते नव्या शर्टाच्या बाहीनं पुसत होते.

निशांत आला. चेहरा पडलेला, पण नियम काही सोडेना. "अभिनंदन ताई. तुमच्या नावावर आता कुणी बोट ठेवणार नाही. पण काकांचं... टेबल तर चुकीचंच होतं ना? कमिटीला मी काय सांगू?"

"कमिटीले सांग, का हा हात त्या चुकीच्या टेबलानंच घडवला. चूक फलकावर नको असन, तं हातबी नको." टेबलाच्या दुरुस्तीचा पेचकस तिथंच पडला होता. तो घेऊन मी फलकापाशी गेले आणि माझ्या पट्टीचे दोन्ही स्क्रू काढले.

"पोरी, असं नको करू," काका म्हणाले. "माह्या पायी तुहं नाव काऊन घालवतं?"

मी पट्टी निशांतच्या हातात दिली. "दोन नावं लागतीन तवा सोबतच लाव. तोवर एकही नाई." मला वाईट वाटलं नाही असं नाही. इतकी वर्षं तो विजय मनात बाळगला होता.

तेवढ्यात भूपेंद्र गर्दीतून काकांसमोर आला आणि त्यांच्या पाया पडला.

"काका, अजून टेबल बनवता काय?"

"सोडलं मी." काकांनी मान खाली घातली. "आन् आता बनवलं तरी सरळंच बनवीन. आता समजते मले, बरोबर कसं असते थे."

"सरळं तं कॉलेजात दोन हायेत. मले उलटं पाह्यजे. माहा डावा हात असा मारत नाई."

काकांनी त्याचा डावा हात स्वतःच्या हातात घेतला, पंजा उघडला, बोटं मोजल्यासारखी चाचपली, मनगट दोन वेळा वळवून पाहिलं. शर्टाचं सोडलेलं बटण त्यांनी परत लावलं.

"सोमवारी घरी येजो," ते म्हणाले. "मूठ तुह्या मापाची करा लागन."