पडद्यामागचं बटण

अंदमानातल्या समुद्रकाठच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकताच अमरसिंहनं पडद्यामागं हात घातला आणि न बघताच दिव्याचं बटण दाबलं. तेजस्वीच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. आपण इथं कधीच आलो नाही, असं तो कोल्हापूरपासून सांगत आला होता.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल बघताना तिचं लक्ष त्याच्यावरच होतं. तिकिटाची खिडकी कुठं, पिण्याचं पाणी कुठं, त्याला कुणाला विचारावं लागत नव्हतं. कुणाबरोबर आला असेल हा? जेवण तिला गेलं नाही.

संध्याकाळी फ्लॅट झाडायला आलेली बाई त्याला बघून हसली. हिंदीत म्हणाली, "साहेब, यावेळी आईला नाही आणलं?"

ती गेल्यावर तेजस्वीनं दार लावलं. "खरं सांगा. कवा आलतासा?"

"आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला गेलतो न्हवं, तवा," तो खाली बघत म्हणाला. "ऑपरेशन झालंच न्हाय. तिला एकदा विमानात बसायचं होतं. तुला सांगितलं असतं, तर 'मला का न्हाय नेलं?' म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते की! आणि मी महिनाभर त्यांच्या डोळ्यात औषध घातलं, ते?"

तिनं रागानं सासूला फोन लावला.

"आत्या, अंदमानचा समुद्र लई भारी हाय बघा. तुम्हाला कसा वाटलेला?"

पलीकडून हळूच आवाज आला, "त्यानं सांगितलं व्हय?"