वैशाखातला गिलावा

तुळसा तापाने फणफणली होती आणि तिच्या उशाशी भरून ठेवलेला हंडा तिचाच नवरा उचलून घेऊन चालला होता. गोविंदा गवंडी होता; कल्याणात रेल्वेच्या एका कारकुनाचं नवं घर बांधत होता. चुन्याचा गिलावा थंडीत दिवसभर हाताखाली मऊ राहतो. वैशाखात मेला थापी फिरेस्तोवर वाळतो, आणि सारखं पाणी मारलं नाही तर तडकतो. त्यात कारकुनाची विहीर आटलेली.

"आलोच गं," तो म्हणाला. "भिंत तडकली तर माझं नाव जाईल."

नाव! तुळसाच्या घशाला कोरड पडली. शेजारणी पाण्यासाठी नदीवर गेल्या होत्या. हाक मारायची तरी कुणाला?

दिवेलागणीला तो रिकामा हंडा घेऊन परतला, तो हसतच. "एक चीर नाही बघ! मालकांनी पाठ थोपटली."

तिचे ओठ फुटून रक्त आलं होतं. ते काही त्याला दिसलं नाही.

"उद्या मला उचलून ने," ती म्हणाली, "आणि त्या भिंतीपाशी बसव. तिच्यावर पाणी मारशील तेव्हा चार थेंब माझ्याही अंगावर उडतील."