अकरा सर्व्हर, एक एडिटर

अक्षतानं फाइल उघडली आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी चिकटलेली अक्षरं पुसून टाकली: दोन टिंबं, डब्ल्यू, क्यू. व्हीआय नावाच्या एडिटरमध्ये एवढं टाइप केलं की फाइल सेव्ह होऊन बंद होते. नॅनो या दुसऱ्या एडिटरमध्ये केलं तर ती अक्षरं मुकाट्यानं मजकुरातच जाऊन बसतात. तशी ती बसली होती, आणि त्यापायी दोन दिवस एका दवाखान्याचा बॅकअप झाला नव्हता.

शाहूपुरीतल्या त्या ऑफिसात बोटांना व्हीआयशिवाय काही ठाऊक नसलेला माणूस एकच होता, प्रसेनजीत सर. वीस वर्षं त्यांनी हे सर्व्हर सांभाळले. दिवाळीनंतर त्यांना मेंदूचा झटका आला आणि तीन महिन्यांनी ते परतले ते शब्द चाचपडतच. साधं ‘माउस’ म्हणायचं तरी हातवारे करायचे. पण कीबोर्डवर बोटं ठेवली की सर पूर्वीचेच, असं अक्षता छातीठोकपणे सगळ्यांना सांगायची. तिला ते खरं असायलाच हवं होतं.

मालक विजयसिंह दारातूनच म्हणाले, "अजून एक चूक झाली की सरांना घरी बसवायचं. मलाबी वाईट वाटतंय, पण दवाखान्याला काय तोंड दाखवू?"

"चूक सरांची न्हाय, साहेब. एक कमांड दिली की नॅनो उघडतंय, दुसरी दिली की व्हीआय. चांगला माणूस चकतोय. आज सगळीकडं एकच करून टाकते."

"म्हणजे व्हीआय," शेजारच्या टेबलावरची शिवानी कुरकुरली. "एका माणसासाठी आम्ही सगळ्यांनी डोकं फोडून घ्यायचं व्हय?"

"व्हय. घ्यायचं."

दुपारचा डबा तसाच राहिला. चारच्या सुमारास अकराही सर्व्हर झाले. कुठूनही, कोणत्याही कमांडनं फाइल उघडली तरी आता व्हीआयच येणार होतं. अक्षतानं सरांना बोलावलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"सर, एक ओळ बदला आणि बाहेर या बघू."

सरांनी फाइल उघडली. ओळ बदलली, सावकाश, पण बिनचूक. अक्षतानं शिवानीकडे असं पाहिलं, जणू कुस्ती मारली होती.

मग सरांचे हात थांबले. बोटं कीबोर्डवर थोडा वेळ तरंगली आणि मांडीवर येऊन पडली. त्यांनी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अक्षता, ह्यातनं... भायेर कसं पडायचं गं?"

ऑफिसात आलेल्या प्रत्येक नवख्यानं पहिल्या दिवशी सरांना हाच प्रश्न विचारला होता. अक्षतानंही. तिनं एकेक बटण सांगितलं, सरांनी एकेक दाबलं. मग खिशातलं पेन काढून त्यांनी ते तळहातावर लिहून घेतलं.

"आता ध्यानात ऱ्हाईल," ते म्हणाले आणि आपल्या जागेवर गेले.

अक्षतानं सर्व्हरची यादी पुन्हा समोर घेतली.

"जमलं न्हवं सरांना?" शिवानीनं विचारलं.

"शिवानी, सगळीकडं नॅनो करूया."

"आता? सकाळपासनं एवढं राबलीस ते?"

"त्यात भायेर पडायची बटणं पडद्यावरच खाली लिहिल्याली असत्यात," अक्षता म्हणाली, आणि पहिला सर्व्हर पुन्हा उघडला.