मॅग्नेटोवरचा भरोसा

प्राध्यापक खुशालरावांना अमरावतीत दोन गोष्टींसाठी ओळखत: जातिभेदाविरुद्धची भाषणं आणि लष्कराच्या लिलावातली विलायती मोटारसायकल. दोन्हींचा आवाज लांबून ऐकू येई.

एकसष्ट सालच्या एका रविवारी त्यांचे कॉलेजातले सहकारी धर्मपाल यांनी त्यांना वलगावला घरी जेवायला बोलावलं. धर्मपालच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतलेला. त्या वस्तीत सवर्ण प्राध्यापकानं जेवायला जाणं ही नवलाचीच गोष्ट. आणि सोमवारी स्टाफरूममध्ये ती सांगता येईल, हेही खुशालरावांच्या ध्यानात होतं.

धर्मपाल मागच्या सीटवर बसूनच आले. दारात पोचल्यावर खुशालराव म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी गाडी तिकडे विहारापाशी नीट लावून येतो."

गाडीला किल्ली नव्हती. कोणीही किक मारावी आणि घेऊन जावी. म्हणून त्यांनी ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं टोपण उघडलं, आतल्या दोन पॉइंटांच्या फटीत सिगारेटच्या पाकिटाचा चौकोनी तुकडा सरकवला आणि टोपण बसवलं. आता ठिणगी पडणं शक्य नव्हतं. कॉलेजात, क्लबाबाहेर, सासुरवाडीच्या दारात हा तुकडा त्यांनी कधी घातला नव्हता. इथे घातला. का, याची चर्चा त्यांनी स्वतःशी केली नाही.

धर्मपालच्या आईनं, मैनाबाईंनी, निखाऱ्यात भाजलेले रोडगे अन् वांग्याची भाजी केली होती. खुशालराव पाणी मागून प्याले, सगळ्यांना दिसेल असं.

"गाडीले बॅटरी लागत असन न, सर?" धर्मपालचे काका देवमन यांनी विचारलं.

"फक्त दिव्याला आणि हॉर्नला. तीही डायनामो भरत राहतो. ठिणगी मॅग्नेटो स्वतःच पाडतो. बॅटरी मेली तरी गाडी सुरू. आजवर एकदा दगा नाही."

"अन् किल्लीबी नाही तिले. कोनं नेली तं?"

"देवमनराव," खुशालराव भाषणाच्या आवाजात म्हणाले, "माणसांवर भरोसा ठेवावा लागतो."

मैनाबाईंनी खूश होऊन आणखी एक रोडगा वाढला.

निघताना बेत साधा होता: एकट्यानं पुढे जायचं, टोपण उघडायचं, तुकडा खिशात. पण इकडे पाहुण्याला दारातूनच निरोप देत नाहीत, पोचवायला जातात. अर्धी वस्ती गाडीभोवती येऊन उभी राहिली. खुशालरावांनी किक मारली. पुन्हा मारली. सुरू होणार नाही हे ठाऊक असताना मारलेली किक फार जड जाते.

"बॅटरी उतरली असन," कोणीतरी म्हणालं.

"बॅटरीचा संबंधच नाही तिच्यात," देवमन म्हणाले. जेवताना ते मन लावून ऐकत होते. "ढकला रे पोट्टेहो!"

विहारापासून सडकेपर्यंत ढकलली. धर्मपालही घामाघूम. खुशालराव वर बसून हँडल धरत होते.

"जा तुम्ही आता. मी बघतो."

"असं कसं, सर?" मागून चालत आलेल्या मैनाबाई म्हणाल्या. "पाव्हना रस्त्याले लागल्याबिगर घरी कसं परतावं? अमरावतीपर्यंत ढकलतीन हे."

पोरं खरंच पुन्हा वाकली. खुशालराव उतरले. त्यांनी टोपण उघडलं, तुकडा ओढला आणि मुठीत घेऊ गेले, तो खाली पडला. धर्मपालनी उचलला. चारी कडा नीट दुमडून फाडलेला, खुशालराव ओढत त्याच सिगारेटच्या पाकिटाचा. धर्मपालनी तो उलटून पाहिला. खुशालराव डायनामोकडे बघत राहिले. डायनामोत बघण्यासारखं काही नव्हतं.

"काय होतं रे?" देवमननी विचारलं.

"कचरा गेला होता, काका," धर्मपाल मोठ्यानं म्हणाले.

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. पोरांनी आरोळी ठोकली. मैनाबाईंनी रोडग्यांची पिशवी हँडलला अडकवली. धर्मपाल जवळ आले, तुकडा त्यांनी खुशालरावांच्या वरच्या खिशात घातला आणि इंजिनाच्या आवाजाआड म्हणाले,

"ठेवा, सर. पुन्हा आमच्याकडं याल तवा लागन."