कसकस

तिसऱ्या केमोनंतर मालनबाईंचं तोंड आतून सोलून निघालं. जिभेवर फोड, टाळूवर फोड. साधं पाणी गिळतानाही डोळ्यांतून धारा लागायच्या. जिच्या ठेच्यानं हिंदी मुलखातल्या या चेरीताल मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांना ठसका लावला, तिला आता बिनमिठाचं वरण झोंबत होतं. रोगाआधी हे औषधच जीव घेणार, असं त्या म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता त्यांना ओकारी यायची.

लेक पायल ते वरण गाळायची, फ्रीजमध्ये गार करायची आणि चमच्या-चमच्यानं भरवायची. पोरगी गुणाची. फक्त मराठी तिच्या कानापर्यंतच पोचली होती, तीही अर्धीमुर्धी. जिभेवर कधी उतरली नाही. आईनं मराठीत बोलावं, लेकीनं हिंदीत उत्तर द्यावं, असा या घराचा शिरस्ताच पडला होता. यात काही बिघडतंय असं कुणालाच वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

डॉक्टरांनी पायलला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. रक्तातल्या पेशी वाढवायच्या सुईनं हाडं दुखतील. घाबरू नका, गोळी द्या. पण ताप आला तर क्षणभरही घरी थांबू नका. या दिवसांत अंगात लढायची ताकदच नसते.

नेमके सुईनंतर पायलचे बाबा, लक्ष्मणराव, मेहुण्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मरणानंतरच्या बौद्ध विधीला, नागपूरला गेले. टाळण्यासारखं नव्हतंच ते. त्या संध्याकाळी मालनबाई गोधडी ओढून कुशीवर वळल्या.

"पायल, अंगात कसकस होऊन राह्यली वं."

"कसक? सुई वाली? डॉक्टर ने बोला था, मम्मी. अभी गोली देती हूँ."

मालनबाईंनी मान हलवली. सोललेल्या तोंडानं आणखी बोलणार तरी किती? पायलनं गोळी दिली, तेल लावून पाय चेपले. थोड्या वेळानं आईला घाम सुटला, कपाळ गार लागलं. दुखण्याची ती गोळी तापही उतरवते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आईला आराम पडला म्हणून किती हरखली! वेडी पोर.

दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मणराव परतले आणि थेट बायकोच्या उशाशी बसले.

"काय होऊन राह्यलं?"

"कसकस हाय," मालनबाई पुटपुटल्या.

लक्ष्मणरावांनी त्यांच्या गळ्याला हात लावला आणि झटकन उठले. "अवं, ताप हाय ना हिले! अंग भाजून राह्यलं. पायल, काहून नाही नेलं दवाखान्यात?"

पायल वाटी धरून तशीच उभी राहिली. हिंदीतली कसक म्हणजे ठणका. आईची कसकस म्हणजे तापाची कणकण. हे तिला आत्ता, बाबांच्या तोंडून कळत होतं.

"तिले काहून बोलून राह्यले?" मालनबाई कशाबशा म्हणाल्या. "म्या तिले सांगितलंच नाही."

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बुखार कब से है?"

"कल शाम से," पायल म्हणाली. "मम्मी ने बताया था. मैं ही नहीं समझी."

लक्ष्मणरावांनी तिच्याकडे पाहिलं. जंतू रक्तात पसरले होते. डॉक्टरांनी शर्थ केली, पण दुसऱ्या दिवशी मालनबाई गेल्या.

घरात बायका जमल्या. रडून झालं, आणि मग अशा वेळी निघतात ते प्रश्न निघाले. शेजारच्या राजश्रीमावशींनी डोळे पुसत विचारलं, "ताप हाय म्हणून मालनताईनं पोरीले सांगितलं नोतं काय?"

पायलनं मान वर केली. "मावशी, मम्मी ने..."

"नाही," लक्ष्मणराव मोठ्यानं म्हणाले. "नाही सांगितलं. दुखणं लपवायची सवयच होती तिची."

साधं डोकं दुखलं तरी अख्खं घर डोक्यावर घेणारी बाई ती! राजश्रीमावशींनाही ते ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घातली. सांगितलं होतं, माझ्या आईनं मला सांगितलं होतं, असं पायलला ओरडावंसं वाटत होतं. पण बाबांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.