फ्लोरिडा परत स्वयंपाकघरात

१९५६ पासून आमच्या घरी अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्रीचे जेवण एकाच नियमाने वाढले जाते. ज्या राज्यांकडे देशाचे डोळे लागलेले असतात, त्या प्रत्येकाचा एक पदार्थ मी करते आणि त्यावर राज्याच्या नावाची कागदी पताका खोचते. ते राज्य कोणाच्या पदरात पडले हे जाहीर होईपर्यंत तो पदार्थ स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाही. माझे यजमान कार्ल होते तेव्हा आम्ही निकाल रेडिओवर ऐकत असू. पुढे टेलिव्हिजन आला, नियम तोच राहिला. उपाशी पाहुण्यांनी कुरकुर पुष्कळ केली आहे, परंतु त्या कारणाने पुढच्या वेळी कोणी आले नाही, असे घडलेले नाही.

२००० साली माझा मुलगा गॉर्डन फ्लोरिडाहून मुद्दाम आला होता. त्या वसंतात मी तळघराच्या जिन्यावर पडले होते आणि तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला होता: आयोवातले हे घर विकावे आणि त्याच्या शेजारी, वृद्धांसाठी बांधलेल्या वसाहतीत राहायला यावे. तिथला एक फ्लॅट त्याने माझ्यासाठी नाताळपर्यंत राखून ठेवला होता.

"आई, उद्या सकाळी माझं विमान आहे," मी पीठ चाळत असताना तो म्हणाला. "आज काय ते सांगून टाक. येतेस की नाही?"

"फ्लोरिडाचा केक टेबलावर येईल तेव्हा सांगेन."

"हे काय उत्तर झालं?"

"उत्तर नाही. उत्तराची वेळ सांगितली."

माझी मुलगी लॉरेन गावातच राहते. ती त्याच केकसाठी संत्री सोलत होती. "गॉर्डन, फ्लोरिडा पहाटेपर्यंत लागायचं नाही म्हणतायत सगळे," ती म्हणाली. "तिनं गोड बोलून तुला टाळलंय."

तिचा तर्क बरोबर होता. मी तसे कबूल केले नाही.

संध्याकाळी शेजारचे एल्मर हॅल्व्हरसन आले. चाळीस वर्षांचा शेजार, आणि तितकीच वर्षे विरुद्ध पक्षाला मत. व्हर्जिनियाचा हॅम प्रथम आला, त्यामागून जॉर्जियाचे मुरवलेले पीच.

"मिसेस टॉल्गार्ड, तुमचा पक्ष मागे पडला की हॅममध्ये मीठ वाढतं, असं माझं निरीक्षण आहे."

"मीठ दरवेळी तेवढंच असतं, मिस्टर हॅल्व्हरसन. तुमची जीभ बदलते."

हॅम निम्मासुद्धा झाला नव्हता, तोच निवेदकाने फ्लोरिडाचा निकाल जाहीर केला.

गॉर्डनने काटा खाली ठेवला. जेवण अर्धवट असताना गोड वाढणे मला पसंत नाही. तरी मी उठले, केक आणला, पताका सरळ केली आणि चार तुकडे कापले. केकवर सुरी ठेवीपर्यंत काय बोलणार हे मला माहीत नव्हते. दिलेला शब्द मात्र माहीत होता, आणि गुडघाही दुखत होता.

"येईन," मी म्हणाले.

लॉरेन बशीकडे पाहत राहिली. गॉर्डनने माझा हात दाबला आणि बायकोला कळवायला तो बाहेरच्या खोलीतल्या फोनकडे गेला. आमच्या घराच्या भिंती जाड नाहीत.

"हो, म्हणाली! अगं, खरंच... छे, ते टेबल कुठे मावतंय तिथं? ते लिलावात जाईल. बाकीचंही तसंच... हो, जानेवारीतच."

ते टेबल कार्लच्या वडिलांनी परसातल्या अक्रोडाचे केले होते. दोन्ही वाढीव फळ्या लावल्या की त्याभोवती चौदा माणसे बसतात. मी त्यावरचे खरकटे पुसले आणि कॉफी ओतली.

कॉफीचा दुसरा कप चालू असताना निवेदकाचा चेहरा पडला. फ्लोरिडाचा निकाल मागे घेत आहोत, असे तो म्हणाला. ते राज्य आता कोणाचेच नव्हते.

हॅल्व्हरसन खुर्चीत मागे रेलले. "आता हो, मिसेस टॉल्गार्ड? नियम काय म्हणतो?"

असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. नियम मात्र स्पष्ट होता. मी उठून सगळ्यांच्या बशा गोळा केल्या.

"आई, मी खातोय," गॉर्डन म्हणाला.

"राज्य लागलेलं नाही. केक आत जाईल."

"मी माझा तुकडा परत करायला तयार आहे," हॅल्व्हरसन म्हणाले, "पण तुम्हाला तो आता आवडायचा नाही."

"आणि तुझं उत्तर?" गॉर्डनने विचारले.

"ते केकबरोबर आलं होतं."

"हा पोरखेळ आहे, आई."

"तू लहान होतास तेव्हा न्यूयॉर्क लागेपर्यंत तुला जेवायला दिलं नव्हतं. तेव्हा रडलास, पण पोरखेळ म्हणाला नाहीस."

लॉरेनने हसू दाबण्यासाठी कॉफीचा कप तोंडाला लावला. केक मी फ्रीझरमध्ये ठेवला. गॉर्डन सकाळी उत्तर न घेता परतला.

त्यानंतर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मते पुन्हा मोजली गेली, वकील आले, न्यायालये आली. तेवढ्या अवधीत मी लॉरेनच्या नवऱ्याकडून तळघराच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे बसवून घेतले आणि माझा पलंग खालच्या खोलीत आणवला. डिसेंबरच्या मध्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. दुसऱ्या दिवशी गॉर्डनचा फोन.

"लागलं फ्लोरिडा. काढ केक."

मी केक काढला, पताका खोचली, तो टेबलावर ठेवला आणि एक तुकडा खाल्ला. तोवर त्याला फोनवर थांबवले. संत्र्याचा वास अजून शाबूत होता.

"मी येत नाही, गॉर्डन. फ्लॅट सोडून दे."

"त्या रात्री हो म्हणाली होतीस."

"त्या रात्री फ्लोरिडाही लागलं होतं."

"टेबलावरून चिडलीस का?"

"टेबल इथंच मावतं. मीही."

"पुन्हा पडलीस तर?"

"कठडे लावलेत. येशील तेव्हा हलवून बघ."

त्याचा सुस्कारा मला ऐकू आला. मग त्याने विचारले, "चार वर्षांनी आमच्या राज्याचं काय करणार आहेस? केकच?"

"केकच. पण जेवायला ये. हॅमच्या वेळेला भूक ठेवून ये."